डाव्या खांद्यावरचा उजेड

“उजेड डाव्या खांद्यावरनं घ्यायचा, तंगी. हाताची सावली अक्षरावर पडू द्यायची न्हाय. आन दिवा लावताना बल्बाकडं काय बघतीस? ज्याच्यासाठी लावतीस त्याच्या तोंडाकडं बघ की!”

सिद्धाप्पा अण्णांना जाऊन वर्ष उलटलं होतं. पण होटगी रोडवरच्या नव्या इमारतीचा जिना चढताना त्यांचा आवाज दिपालीताईंच्या कानाशी असा आला की त्यांनी वळून मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं. वर दारात छापखान्याचे मालक कुमारशेठ उभे होते.

“या ताई. मशीनचं मी बघतो, रंगाचं प्रदीप बघेल. उजेडाचं मात्र तुम्ही ठरवायचं. डोळ्यांचं काम तुमच्या खात्याचं.”

दिपालीताईंनी मान हलवली. मालकानं विश्वासानं सांगितलं याचा आनंद झाला, आणि तितकीच अडचणही वाटली. कारण उजेडाच्या बाबतीत त्या आधीच एका माणसाला शब्द देऊन बसल्या होत्या, आणि त्या शब्दातून मोकळं करायला आता तो माणूस उरला नव्हता.

त्यांचं खातं म्हणजे मुद्रितं तपासायचं. छापखान्यात सगळे त्याला ‘वाचन खातं’ म्हणत. कॅलेंडरं, लग्नपत्रिका, शाळांची पुस्तकं, देवस्थानांच्या पोथ्या, सगळं छापायच्या आधी या खात्यातून जायचं, मराठीतलं, कानडीतलं, तेलुगूतलंही. सोलापुरात तीनही भाषांची गिऱ्हाइकं. पद्धत जुनीच होती: एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर नजर ठेवायची. वाचणारा स्वल्पविरामसुद्धा तोंडानं म्हणायचा. नवीन माणसाला ऐकून हसू यायचं. महिना गेला की तोही घरी बायकोशी बोलताना ‘पूर्णविराम’ म्हणायला लागायचा.

दिपालीताई या खात्यात आल्या तेव्हा नुसत्या दिपाली होत्या. सांगोल्याकडच्या एका वाडीतली, मेंढरामागं फिरलेल्या बापाची लेक. घरात शिकलेली पहिली. अण्णा अक्कलकोटकडचे. घरात कानडी, कामावर मराठी. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला ‘तंगी’ म्हणजे धाकटी बहीण म्हणून हाक मारली, आणि ती हाक शेवटपर्यंत तीच राहिली.

जुनं ऑफिस साखर पेठेत होतं. खाली मशीनची धडधड, वर वाचन खातं. खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीकडं तोंड करून. त्यामुळं प्रत्येक टेबलावर वायरीनं लोंबणारा एकेक दिवा होता. पत्र्याची शेड, वरून हिरवी, आतून पांढरी. ज्याच्या त्याच्या दिव्याचं बटण ज्याच्या त्याच्या टेबलाशी. तरी संध्याकाळी आपलं बटण कुणी आपण दाबायचं नाही, असा तिथला रिवाज होता.

दिवस कलला, अक्षरं पुसट व्हायला लागली, की अण्णा उठायचे. मोरीत जाऊन हात-पाय धुवायचे. धोतराला हात पुसत आधी कोपऱ्यातल्या टेबलाशी जायचे, बटण दाबायचे आणि बसलेल्या माणसाच्या तोंडाकडं बघायचे. मग पुढचं टेबल. दिवा लागला की ज्यानं त्यानं आपल्या रीतीनं हात जोडायचे. कुणी सिद्धेश्वराचं ‘हर्र बोला’ पुटपुटे, कुणी नुसते डोळे मिटे. जालिंदरभाऊ बुद्धवंदनेतली एक ओळ मनात म्हणायचे, आणि अण्णा त्यांच्यासाठी तेवढा वेळ थांबायचे. शेवटचा दिवा लागला की मगच चहा. आधी दिवा, मग चहा. मशीनवाले खालून ओरडायचे, “अण्णा, तुमच्या देवाला म्हणावं जरा लौकर उठ, इथं घसा वाळला!”

“देव उठलाय. तुमचाच चहावाला झोपलाय,” अण्णा वरून म्हणायचे.

लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याचा नेम आहे. दिपालीलाही तसंच वाटायचं, एका संध्याकाळपर्यंत. त्या दिवशी तिच्या नजरेतून कॅलेंडरचं एक पान निसटलं होतं, एकादशी भलत्याच वारी पडली होती, आणि मालकानं, म्हणजे कुमारशेठच्या वडिलांनी, सगळ्यांसमोर सुनावलं होतं. तिनं डबा पिशवीत भरून ठेवला होता. दिवा लागायच्या आत उठायचं, एसटी स्टँड गाठायचं आणि पुन्हा या शहराचं तोंड बघायचं नाही, असं ठरवून ती बसली होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसती बसली होती.

अण्णांनी तिचा दिवा लावला. तिच्या तोंडाकडं बघितलं, मग पिशवीकडं. शेजारचं स्टूल ओढलं आणि म्हणाले, “आज मी वाचतो, तू बघ.” आणि तेच कॅलेंडर त्यांनी पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला घेतलं. चैत्र शुद्ध प्रतिपदा, स्वल्पविराम, गुढीपाडवा, पूर्णविराम. ज्येष्ठापर्यंत आले तेव्हा दिपालीला हसू फुटलं होतं. एसटी निघून गेली होती.

निवृत्तीच्या दिवशी अण्णांनी शेवटचा दिवा लावला, चहाही घेतला, आणि तिच्यापुढं तळहात धरला. “मी गेल्यावर दिवे तू लावायचे, तंगी. रोज. या खात्यात माणूस बसतंय तवर. दे वचन.”

तिनं हातावर हात ठेवला.

तेव्हापासून दिपालीताईंच्या दिवसाला आणखी एक नेम जडला. नेमांची त्यांना सवयच होती. पहाटे तुळशीला पाणी, पोथीचं एक पान, सोमवारी सिद्धेश्वराच्या देवळात माथा टेकून मग कामावर. त्यातच हा एक. संध्याकाळी स्वतःच्या हातानं दिवे लावल्याखेरीज चहा घ्यायचा नाही. पावसाळ्यात आभाळ भरून दुपारीच दिवे लागले की त्या हसून म्हणायच्या, “आज देवानं चहा लवकर दिला.”

आणि आता हा नवा हॉल. पांढरं छत, काचेच्या भिंती, एसीचा गारवा.

दिव्यांची योजना करायला ऋतुजा नावाची मुलगी आली होती. हुशार, मनमिळाऊ. नुसतं आपलंच सांगत सुटणारी नव्हती. आधी टेबलं बघितली, कागद हातात घेऊन बघितला, कोण किती वेळ बसतं ते विचारलं. मग तिनं छताकडं बोट दाखवलं.

“इथं चौकोनी पॅनेल देऊ. आत सेन्सर असतो. टेबलाशी माणूस आला की दिवा आपोआप लागेल, उठून गेला की आपोआप बंद. बटणाला हातच लावायला नको.”

“हातच नको?” दिपालीताईंनी विचारलं.

“नको ना! तीच तर गंमत आहे.”

कॉम्प्युटरवर पानं लावणारा प्रदीप मागंच उभा होता. जालिंदरभाऊंचा मुलगा. वडिलांचं बोट धरून जुन्या ऑफिसात यायचा तेव्हापासून ताईंच्या ओळखीचा. “लई भारी हाय ताई. बटण-बिटण आता कोण दाबतंय? तुमच्या गुडघ्यांचं पण बघा की जरा. रोज फेरी मारायची कटकट गेली.”

आता मालकाला आणि या पोरीला काय सांगायचं? मला रोज दाबायला एक बटण पाहिजे, असं? देवाचं नाव मध्ये घातलं तर कुमारशेठ लगेच ‘बरं ताई’ म्हणतील हे त्यांना ठाऊक होतं. आपल्या नेमापायी सगळ्यांच्या डोळ्यांचा निर्णय फिरवायचा हेच त्यांना नको होतं.

“आठ दिवस लावून बघू,” त्या हळूच म्हणाल्या. “मग सांगते.”

त्यांनी एवढंच केलं, की टेबलं स्वतः उभं राहून मांडून घेतली. प्रत्येकाच्या डाव्या खांद्यावरून उजेड येईल अशी. ऋतुजानं टेप लावून पॅनेलं त्याप्रमाणं बसवली. “हे कुणी शिकवलं तुम्हाला?” तिनं कौतुकानं विचारलं.

“होते एक,” ताई म्हणाल्या.

पहिल्याच दिवशी हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मुद्रितं तपासणारी माणसं ती. एकदा पानावर नजर लागली की दगडासारखी स्थिर. हलतात ती फक्त बुबुळं, आणि बुबुळं काही सेन्सरला दिसत नव्हती. थोड्या थोड्या वेळानं कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावरचा दिवा फट्‌दिशी जायचा आणि तो माणूस दोन्ही हात वर करून हलवायचा.

चहा-पाण्याचं बघणाऱ्या शालनमावशी दारात थबकल्या. “काय चाललंय ह्ये? चिमण्या हाकलताय व्हय?”

“मावशी, दिव्याला पटवून द्यावं लागतंय, आमी हाय म्हणून!” प्रदीप म्हणाला.

“मग बायकोला पटवून दे आधी. पगाराच्या दिवशी घरी असतोस का म्हणून इचारत हुती.”

ताई स्वतः दुपारी पाच मिनिटं डोळे मिटून जप करायच्या. तेव्हाही दिवा गेला. डोळे उघडले तर अंधार, आणि प्रदीप गंभीर तोंडानं हात जोडून उभा. “ताई, दिव्याला वाटलं तुम्ही गेलाच वैकुंठाला.” त्याही हसल्या.

ऋतुजाला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी येऊन वेळ वाढवून गेली. आता दिवे सहसा जात नव्हते. काम नीट होत होतं. कुणी तक्रार करत नव्हतं. म्हणजे नाही म्हणायला जागाच उरली नव्हती.

संध्याकाळी मात्र काही होतच नव्हतं. काचेला काळी फिल्म, आत सकाळी होता तेवढाच उजेड. ऊन कधी उतरलं ते कळायचं नाही. शालनमावशी किटली घेऊन दारात आल्या आणि गोंधळून उभ्या राहिल्या.

“ताई, च्या कवा देऊ? दिवं तर सकाळधरनं लागल्यात.”

“द्या त्यांना,” ताई म्हणाल्या.

ज्यानं त्यानं आपापल्या टेबलावर, कागदावरची नजर न काढता चहा घेतला. कुणी गार झाल्यावर घेतला. ताईंनी घेतला नाही. पहिल्या दिवशी, दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही नाही. डोकं दुखत घरी जायच्या. मनात जुनी शेड लोंबायची, वरून हिरवी, आतून पांढरी, तिच्याभोवती फिरणारा एखादा किडा, खालून येणारी मशीनची धडधड, आणि धोतराला हात पुसत येणारी ती उंच, वाकलेली आकृती. ‘अण्णा, लावू काय मी? लागलेलाच आहे दिवा,’ असं त्या मनात विचारायच्या.

गुरुवारी कुमारशेठ म्हणाले, “ताई, उद्या ऋतुजा येणार. हेच कायम करायचं ना? आणि हो, उद्याच भंगारवाला साखर पेठेत येतोय. जुन्या जागेतलं उरलंसुरलं तो घेऊन जाईल.”

“उद्या सकाळी सांगते,” ताई म्हणाल्या. काय सांगणार, ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी बरेच जण लवकर निघाले. प्रदीप बॅग आवरत होता. ताईंनी मान वर केली तर पलीकडच्या कोपऱ्यावर अंधार. वाटलं, तेजश्री गेली असेल.

तेजश्री टेंभुर्णीची. इथं येऊन आठच दिवस झालेले, जागा बदलायच्या धांदलीतच आलेली. कमी बोलायची. सकाळी यायची, कोपऱ्यात बसायची, जायची. ताई तिला काम द्यायच्या, ती करून द्यायची. तिच्या पानांत मात्र चुका राहत होत्या आणि ताईंनी त्या न बोलता स्वतः दुरुस्त केल्या होत्या.

अंधारात काहीतरी पांढरं दिसलं. ओढणी होती. पोरगी तिथंच बसलेली होती. हात वर करून हलवत नव्हती. दिवा गेला तर गेला, अशी नुसती बसली होती.

अशी नुसती बसलेली एक पोरगी त्यांना चांगली माहीत होती.

त्या उठल्या. कशासाठी ते लक्षात न येताच मोरीकडं, म्हणजे आता बेसिनकडं, गेल्या. हात धुतले, पदराला पुसले आणि कोपऱ्याकडं चालत गेल्या. टेबलाशी पोचल्या तसा डोक्यावरचा दिवा आपोआप लागला. ताईंनी दिव्याकडं बघितलं नाही. तेजश्रीच्या तोंडाकडं बघितलं.

डोळे लाल. कपाळाला बाम. टेबलाखाली भरलेली पिशवी.

“कुठं निघालीस?”

“कुठं नाही, मॅडम.”

“मॅडम नको. ताई म्हण. टेंभुर्णीची गाडी कितीची आहे?”

पोरीचा बांध फुटला. “मला जमत नाही ओ ताई. अक्षरंच दिसत नाहीत. डोकं फुटतं दुपारपासून. चष्म्याचा नंबर काढून आणला, डॉक्टर म्हणाले डोळे चांगलेत. मग माझ्यातच काहीतरी… सगळ्यांना दिसतं, मलाच दिसत नाही. तुम्ही माझी पानं परत तपासता, कळतं मला.”

ताईंनी शेजारची खुर्ची ओढली. मूळ कागद आपल्याकडं घेतला. “आज मी वाचते. तू बघ.”

लग्नपत्रिका होती. “श्री शिवलिंग प्रसन्न, पूर्णविराम. चिरंजीव, स्वल्पविराम…” ताई वाचत गेल्या. तेजश्रीनं डोळे पुसले, पेन उचललं आणि पानावर वाकली.

आणि ताईंचं वाचन थांबलं.

पेन डाव्या हातात होतं. डाव्या खांद्यावरून येणारा उजेड त्या हातावर पडत होता आणि हाताची काळी सावली नेमकी त्याच ओळीवर पडत होती, जी पोरगी वाचायला बघत होती. ती मान वाकडी करायची, कागद तिरका करायची, सावली कागदाबरोबर सरकायची. दिवसभर हेच.

“तू डावखुरी आहेस?”

“हो,” ती घाबरून म्हणाली. “शाळेत बाई हातावर मारायच्या. चालत नाही का इथं?”

टेबलं त्यांनी स्वतः मांडली होती. डावा खांदा, डावा खांदा म्हणत प्रत्येक टेबलाशी उभं राहून. अण्णांचं पहिलं वाक्य त्यांनी मंत्रासारखं जपलं होतं. हाताची सावली अक्षरावर पडू द्यायची नाही, हे दुसरं वाक्य त्याला चिकटूनच होतं, ते मात्र विसरलं. आठ दिवस ही पोरगी समोर बसत होती आणि आपण तिच्या हाताकडंसुद्धा बघितलं नाही. जुन्या जागी दिवा लावायला तरी टेबलाशी गेलो असतो. इथं उजेड आधीच पोचला होता, म्हणून आपण उठलोच नाही.

“चालतं गं,” त्या म्हणाल्या. “तुझं काही चुकलं नाही. उजेड उलट्या बाजूला बसलाय. तो मी बसवला, मीच हलवते. उद्या तू येशील तेव्हा तुझा उजेड उजवीकडून असेल. येशील ना?”

तेजश्रीनं पिशवीकडं बघितलं, मग ताईंकडं. मान हलवली, पण ती अर्धीच.

ताई तशाच कुमारशेठच्या केबिनशी गेल्या. इतके दिवस जे सांगता येत नव्हतं ते आता सरळ बाहेर आलं.

“शेठ, ठरलं माझं. छतावर उजेड राहू दे, पण मंद. सेन्सर जिन्याला आणि पॅसेजला चांगला आहे, तिथं असू दे. टेबलावर मात्र प्रत्येकाला स्वतंत्र दिवा पाहिजे, वाकवता येईल असा, डावीकडं नाहीतर उजवीकडं. आणि त्याला बटण पाहिजे.”

“बटण कशाला, ताई? आपोआप लागणारेही येतात तसले.”

“आपोआप लागला की त्या टेबलाशी कुणी जात नाही, शेठ. आज तेजश्री अंधारात बसली होती. तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं.” मग आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, “आणि संध्याकाळी दिवे मी लावणार. माझा नेम आहे तो. पण त्याच्यासाठी नाही सांगत.”

कुमारशेठनी हातातलं पेन खाली ठेवलं. “लहानपणी मी वर यायचो तेव्हा अण्णा माझ्यासाठीही एक दिवा लावायचे,” ते म्हणाले. “मला वाटायचं, मी पण वाचन खात्यात आहे.” मग हसले. “ऋतुजाला तसं सांगतो. पण नवे यायला आठवडा लागेल हं.”

आठवडा. आणि पोरगी उद्या सकाळी येणार, किंवा येणार नाही.

ताईंना अण्णांचा टेबलावरचा दिवा आठवला. शेवटच्या वर्षांत नजर कमी झाली तेव्हा अण्णांनी तो घेतला होता. जड बुडाचा, स्प्रिंगच्या मानेचा, कुठंही वळणारा. साखर पेठेतल्या कपाटात, जुन्या कॅलेंडरांच्या मागं असेल. उद्या भंगारवाला यायच्या आत.

जुन्या जागेची किल्ली अजून त्यांच्याच कमरेला होती. त्यांनी पदर खोचला आणि चपला घातल्या.

“ह्ये काय, कुटं निगाला?” शालनमावशी किटली घेऊन आडव्या आल्या. “आठ दिस झालं, च्या न्हाय का काय न्हाय. आज घोटभर तरी घ्या की.”

“दिवा आणायला चालले, मावशी. तेजश्रीला द्या चहा. आणि माझा तसाच झाकून ठेवा, मी परत येतेय.”

“गार हुईल.”

“होऊ दे.”

जिन्यात पाय पडला तसा तिथला दिवा लागला. ताई कठड्याला धरून सावकाश उतरल्या. बाहेर ऊन उतरलं होतं, रस्त्यापलीकडच्या टपरीवाल्यानं नुकताच बल्ब लावून त्याला हात जोडले होते. त्याच्याबरोबर ताईंनीही जोडले, आणि साखर पेठेकडं जाणाऱ्या रिक्षाला हात केला.